आई दुबईला निघालीय: शेंगाची चटणी, तूप, खोबरं, अडकित्ता. काय जाईल, काय अडकेल?

जुळे_सोलापूरकर | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. दुबईत बहिणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. आई (वय ७१) पुढच्या रविवारी निघतेय. सोलापूर-मुंबई विमान, रात्री मामाकडे मुक्काम, सोमवारी मुंबई-दुबई. मी मुंबईपर्यंत सोबत आहे, पुढे ती एकटी. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. आजवरचा तिचा लांबचा प्रवास म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस, आणि त्या गाडीत काय न्यायचं हे कुणी विचारत नाही.

सध्या पलंगावर मांडलेलं सामान असं: शेंगाची चटणी दोन किलो, कडक भाकरीची चवड, साजूक तुपाची बरणी, डिंकाचे लाडू, बाळंतिणीच्या ओटीसाठी खोबऱ्याची वाटी, कापराची डबी, काडेपेटी, एक सोलापुरी चादर आणि आईचा अडकित्ता. अडकित्ता तिच्या आईचा आहे, पितळी मुठीचा. तो ती हातातल्या पिशवीतच नेणार म्हणते, "मोठ्या बॅगेतून हरवला तर?"

मी स्वतः विमानाने तीनदा गेलोय. त्यातल्या एका खेपेला जाताना नेलकटर सोडला आणि येताना दुसऱ्या विमानतळावर तोच नेलकटर टोपलीत टाकायला लावला. म्हणजे मला काहीच कळलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

कडकभाकरी | रात्री ९:५२

सगळ्यात आधी अभिनंदन, मामा झालात. चटणी बिनधास्त हँडबॅगेत न्या. मी पुण्याहून दिल्लीला पाच वेळा नेलीय, कुणी हात लावला नाही.

चाटीगल्ली | रात्री १०:०५

कडकभाकरी, तुमचं नशीब थोर. माझी एक किलो गेली. जवान म्हणाला, "इसमें लाल मिर्च है." मी म्हणालो, मूंगफली है. त्याने पिशवी उघडून वास घेतला आणि त्याला जो ठसका लागला, तिथेच केस हरलो.

गड्डा_यात्रा | रात्री १०:०७

ठ्ठो! साखर कारखान्याची चिमणी पाडून विमान आणलं, आता चटणी अडवायलेत. चिमणी गेली ती गेली, चटणी तरी राहू द्या की बे.

संपादक | रात्री १०:१५

चिमणीचा विषय या धाग्यावर नको. मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद होऊन धागा बंद करावा लागला होता.

बेल्टच्यामागे | रात्री १०:४८

मी एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. चटणीचं सांगतो. तिखट पूड हातातल्या सामानात चालत नाही, कारण ती डोळ्यांत फेकता येते. मिरचीच्या लोणच्यालाही त्याच न्यायाने नकार मिळतो. शेंगाची चटणी ही शेंगदाण्याची वस्तू धरायची की मिरचीची, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही. म्हणून ते मशीनसमोरच्या माणसावर सोपवलेलं असतं. कडकभाकरींना पाचही वेळा शेंगदाणा म्हणणारा भेटला, चाटीगल्लींना मिरची म्हणणारा. दोघेही नियमाने वागले.

आता मशीनला काय दिसतं ते. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा, मिश्रण हिरवं. चटणी, साबण, चॉकलेट, पुरणपोळ्यांची चवड, सगळं नारिंगी. अडचण ही की बरीचशी स्फोटकंही सेंद्रियच, म्हणजे नारिंगीच. दोन किलो चटणी दाबून भरलेली पिशवी म्हणजे पडद्यावर एक घट्ट नारिंगी वीट. ती उघडून बघणं हे त्या माणसाचं कामच आहे.

सरळ उपाय: चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका. तिथे मिरचीचा प्रश्न येत नाही.

तर्कट | रात्री ११:१०

हे सगळं नाटक आहे हो. नेलकटरने कुणी विमान पळवलंय का? आणि ते १०० मिलीचं गणित! दोनशे मिलीची अर्धी भरलेली बाटली चालत नाही, म्हणे बाटलीवरचा आकडा बघतात. आतल्या पाण्यापेक्षा बाटली धोकादायक का? देशातल्या विमानात पाण्याची बाटली सहसा नेऊ देतात, मग तेच पाणी मुंबईहून परदेशी निघालं की बॉम्ब होतं?

टॉवेलवाला | रात्री ११:२४

माझा किस्सा ऐका. आमचा मागाचा पिढीजात धंदा. एका प्रदर्शनाला जुना धोटा घेऊन निघालो होतो, दुकानात मांडायला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: लाकडी, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, टोकदार. बॅग बेल्टमधून गेली आणि बेल्ट थांबला. मग मागे घेतली. मग पुढे. मग चार माणसं पडद्यासमोर जमली. एकाने विचारलं, "ये क्या है?" मी म्हणालो, शटल. त्याला बॅडमिंटनचं वाटलं. तो म्हणाला, "मजाक मत करो."

हातात नेऊ देईनात आणि माझ्याकडे दुसरी बॅग नव्हती. शेवटी परत काउंटरवर जाऊन तो एकटा धोटा खोक्यात घालून चेक-इन केला. उतरल्यावर सरकत्या पट्ट्यावर मोठमोठ्या बॅगांच्या मधून माझं चपलेच्या खोक्याएवढं पार्सल डुलत आलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "औषध आहे का?" म्हणालो, नाही, आजोबा आहेत. ते दोन पावलं मागे सरकले.

अक्का_अक्कलकोट | रात्री ११:३१

टॉवेलवाला, हसून हसून मेले!!

बेल्टच्यामागे | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

तर्कट, रात्री तुमचं वाचून झोपलो, सकाळी उत्तर देतो.

१०० मिलीच्या नियमाचं मूळ ऑगस्ट २००६ मध्ये आहे. लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांतून नेलेल्या द्रव स्फोटकांनी उडवायचा कट तेव्हा उघडकीला आला. त्या काळच्या यंत्राला पाणी आणि ते द्रव यातला फरक कळत नव्हता. म्हणून मग प्रमाणावरच बंधन: १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटलीवरचा आकडा बघतात कारण तिथे मापटं घेऊन कुणी बसत नाही. अर्धी बाटली भरलीय की पाव, यावर रांगेत वाद घालायला वेळ कुठे? देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय यातली तफावत मात्र खरी आहे, आणि लोक फसतात ते तिथेच. पहिल्या तपासणीत पास झालेली वस्तू दुसऱ्या तपासणीतही पास होईल असं धरून चालतात.

आणि नाटक म्हणायच्या आधी १९८५ आठवा. २३ जूनला कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर उडवलं गेलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ठेवलेली बॅग विमानात होती, बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. प्रवासी आला नाही तर त्याची बॅग उतरवण्यासाठी विमान खोळंबतं तेव्हा आपण शिव्या घालतो, त्यामागे हे आहे. आपल्याकडचं नागरी विमान सुरक्षा ब्यूरो १९८७ मध्ये स्वतंत्र खातं झालं, तेही या घटनेनंतरच.

तर्कट | सकाळी ८:०२

कनिष्कचं मान्य. त्यावर वाद नाही. पण मग मला एक सांगा, ही यादी जिथे माणूस रांगेत उभा राहतो तिथे मराठीत, मोठ्या अक्षरात का नसते? 'ज्वलनशील घनपदार्थ' असं लिहिलं तर माझ्या मावशीला कापूर कसा आठवेल? सरळ 'कापूर' लिहा की.

बेल्टच्यामागे | सकाळी ८:१०

याला शंभर टक्के अनुमोदन.

भीमाकाठ | सकाळी ८:४०

रच्याकने (म्हणजे जाता जाता), टाळ चालतात. आमच्या दिंडीतले एक बुवा परदेशात कीर्तनाला गेले तेव्हा हँडबॅगेत टाळ होते. जवानाने बाहेर काढून वाजवून पाहिले. म्हणे सूर बरा लागला होता.

जुळे_सोलापूरकर | सकाळी ९:१५

सगळ्यांचे आभार. चटणी चेक-इनमध्ये, तूपही. कापूर पण मोठ्या बॅगेत टाकला की झालं ना? आणि खोबरं, अडकित्ता?

बेल्टच्यामागे | सकाळी ९:५५

नाही, थांबा! कापूर कुठेच नाही. हातातही नाही, मोठ्या बॅगेतही नाही. काडेपेटीचं आणि लायटरचंही आपल्याकडे तसंच. मोठ्या बॅगेत काहीही चालतं हा मोठा गैरसमज आहे.

अडकित्ता मोठ्या बॅगेत चालेल, हातात अजिबात नाही.

खोबरं: वाळलेलं खोबरं हे विमानवाहतुकीच्या जगात चक्क 'धोकादायक माल' आहे. त्याला यूएन १३६३ असा क्रमांक आहे आणि तो स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात बसतो. तेलाचं प्रमाण भरपूर, त्या तेलाचा हवेशी संयोग होताना उष्णता निघते, आणि बंद जागेत ती साठत जाते. एका वाटीने विमान पेटेल असं नाही, पण नियम मालाचे ढीग डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे आणि तो वाटीलाही लागतो.

अक्का_अक्कलकोट | सकाळी १०:२०

मग शबरीमलाचे लोक नारळ कसे नेतात? बातमीत वाचलं होतं.

बेल्टच्यामागे | सकाळी १०:३१

ती खास सवलत होती अक्का. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दिली, २० जानेवारी २०२५ पर्यंत, फक्त त्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातातल्या सामानात नेण्यासाठी. तोही एक्स-रे, स्फोटक-तपासणी आणि हाताने तपासणी झाल्यावर. शीख बांधवांच्या कृपाणाचंही असंच: देशांतर्गत प्रवासात, पातं सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा जास्त नको. म्हणजे श्रद्धेला जागा आहे, पण ती पट्टीने मोजून दिलेली आहे.

गड्डा_यात्रा | सकाळी १०:४०

ओटीच्या खोबऱ्यासाठी पण एक अर्ज करू या बे. सह्या मी गोळा करतो.

मालदांडी | सकाळी ११:३०

माझा अनुभव वेगळाच. डाळिंबाची बाग आहे. सकाळी ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडलं, हात पाण्याने धुतले, आणि निघालो विमान पकडायला. तपासणीत त्यांनी बॅगेच्या मुठीवर कापडाची पट्टी फिरवली, यंत्रात घातली, आणि ते यंत्र ओरडलं. पुढची चाळीस मिनिटं मी आणि माझी बॅग दोघेही उलटेपालटे. व्यवसाय विचारला, शेती म्हणालो. खत कुठलं विचारलं, सांगितलं. मग एक साहेब हसला, त्याच्याही घरी शेती होती. विमान मिळालं, पण गेटपर्यंत पळालो ते बैलपोळ्याला सुटलेल्या बैलासारखा.

बेल्टच्यामागे | सकाळी ११:४५

हो, ते यंत्र नायट्रेटचे कणसुद्धा पकडतं. खत, हृदयविकाराची जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, क्वचित हाताला लावायचं क्रीमही. घाबरायचं नाही, खरं सांगायचं. शेतकऱ्यांनी मात्र साबणाने हात धुऊन आणि दुसरी बॅग घेऊन निघावं.

नवखा२०२५ | दुपारी १२:१०

पॉवर बँक कुठे ठेवायची? जड वस्तू म्हणून मी मोठ्या बॅगेत ठेवणार होतो.

टॉवेलवाला | दुपारी १२:१८

नका ठेवू! माझ्या मेहुण्याचं नाव माइकवरून पुकारलं होतं. खाली बोलावून स्वतःच्या हाताने काढायला लावली.

बेल्टच्यामागे | दुपारी १२:३०

पॉवर बँक म्हणजे अडकित्त्याच्या बरोबर उलट: फक्त हातात, मोठ्या बॅगेत कधीच नाही. बॅटरी पेटली तर केबिनमध्ये माणसं विझवू शकतात, पोटातल्या सामानात कुणाला कळणारही नाही. मर्यादा १०० वॅट-अवर. हिशेब असा: एमएएच गुणिले ३.७ भागिले हजार. २०,००० वाली ७४ वॅट-अवर होते, म्हणजे चालते. ३०,००० वाली १११ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला विमान जमिनीवर उभं असतानाच जळालं, त्यानंतर सगळेच कडक झालेत. दुबईला जाणाऱ्यांसाठी: एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केलीय, नेता येते एकच आणि वरच्या कप्प्यात ठेवायची नाही.

शिकागोची_सिंधू | दुपारी १:०५

इकडे अमेरिकेत बूट काढायचं प्रकरण यंदा जुलैमध्ये संपलं. २००६ पासून सगळा देश अनवाणी रांगेत! डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटक लपवून आणलं होतं, त्याचं फळ. माझ्या सासूबाईंना मात्र ते आवडायचं. म्हणायच्या, देवळात गेल्यासारखं वाटतं.

आणि अमेरिकेला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०१८ पासून ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या सामानात असेल तर जादा तपासणी. मेतकूट, सातूचं पीठ, चटणी सगळं त्यात आलं.

शारजाची_सून | दुपारी २:१२

मी पंधरा वर्षं शारजात आहे, माहेर दक्षिण कसब्यात. सगळे प्रतिसाद वाचले. सगळे विमानात काय चढेल याचीच चर्चा करताय. जुळे_सोलापूरकर दादा, मला एक सांगा: डिंकाच्या लाडवात खसखस आहे का?

जुळे_सोलापूरकर | दुपारी २:२०

आहे की. आई पाव किलोची घालते. का?

शारजाची_सून | दुपारी २:२३

दादा, ते लाडू घरीच ठेवा. लगेच बॅगेतून काढा.

खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. इथल्या कायद्यात ती अमली पदार्थांत धरतात. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते म्हणून कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे अनारसे, लाडू, गरम मसाला काहीही येवो, आम्ही आधी विचारतो: खसखस आहे का? विमानतळावरचा सुरक्षावाला मुंबईत तुम्हाला अडवणार नाही, त्याच्या यादीत खसखस नाहीच. इथे उतरल्यावर कस्टमची यादी सुरू होते. ती वेगळी.

आणि आईंचं पानाचं सामान असेल तर तेही नको. विड्याची पानं आणि पानाचं साहित्य इथे बंदीच्या यादीत आहे.

औषधंसुद्धा बघा. गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा खोकल्याचं कोडीन असलेलं औषध असेल तर इथे फार कडक नियम आहेत, आधीच परवानगी घ्यावी लागते. साध्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि मूळ पाकिटातच ठेवा, डबीत सुट्या नकोत.

चाटीगल्ली | दुपारी २:३०

बाप रे.

कडकभाकरी | दुपारी २:३१

मी "बिनधास्त" लिहिलं होतं ते मागे घेतो. सगळंच मागे घेतो.

बेल्टच्यामागे | दुपारी २:५०

शारजाची_सून, दंडवत. मी कालपासून पडद्यासमोर बसल्यासारखा लिहितोय आणि मुळातला धोका तुम्ही पकडलात. लोकांचा गोंधळ होतो तो यामुळेच. एक यादी नाही, तीन आहेत. एक सुरक्षेची: कशाने इजा करता येईल, तिथे अडकित्ता अडतो. दुसरी धोकादायक मालाची: काय आपोआप पेटेल, तिथे खोबरं, कापूर, बॅटरी. तिसरी उतरायच्या देशाची: तिथे खसखस, आणि ऑस्ट्रेलियाला गेलात तर बियाणं, फळं, दुधाचे पदार्थ, जे जे न्याल ते आधी जाहीर करायचं. तिन्ही याद्या वेगळ्या लोकांनी वेगळ्या कारणांसाठी केल्यात. प्रवाशाला मात्र एकच पिशवी असते.

जुळे_सोलापूरकर | सायंकाळी ६:४५

आत्ता जरा श्वास घेतला. घरात काय झालं ते लिहितो.

आईला सांगितलं. ती काल रात्री बारापर्यंत लाडू वळत होती, चौसष्ट झालेत. आधी ऐकूनच घेईना. म्हणाली, "तुझ्या वेळेला मी खसखशीचेच खाल्ले होते. तू काय अफू खाऊन जन्मलास का?" बायको म्हणाली, "कधीकधी वाटतं खरं." ते जाऊ द्या.

मग बहिणीला फोन लावला. तिनेही तेच सांगितलं, आणि वर माझ्यावरच ओरडली, "मी महिन्यापूर्वी बजावलं होतं, तू ऐकलं नाहीस." खरंय, मी मॅच बघत होतो.

आई तासभर गप्प. मग स्वतःच उठली, डिंक तळायला घेतला. आता अळीव आणि तिळाचे करतेय. खोबरं किसून भाजून लाडवात घातलंय, वाटी तेवढी राहिली. बेल्टच्यामागे काका, भाजलेला कीस लाडवात चालेल ना?

गोळ्यांचं पाकीट तपासलं. खोकल्याचं एक औषध निघालं, कोडीनचंच. ते काढून ठेवलं.

अडकित्त्याचं अजून सांगितलेलं नाही. हिंमत होईना.

बेल्टच्यामागे | सायंकाळी ७:०५

लाडू म्हणजे तयार खाद्यपदार्थ, त्यातला कीस म्हणजे खोबऱ्याची वाटी नव्हे. मोठ्या बॅगेत ठेवा.

गड्डा_यात्रा | सायंकाळी ७:१०

मूळ चौसष्ट लाडवांचं काय ठरलं? ते राष्ट्रीय संपत्ती आहेत. मी जुळे सोलापुरातच राहतो, चालत येतो.

टॉवेलवाला | सायंकाळी ७:१२

मी अशोक चौकातून रिक्षाने येतो.

मालदांडी | सायंकाळी ७:२०

मी मोहोळहून येईन. हात साबणाने धुऊन.

जुळे_सोलापूरकर | सायंकाळी ७:३०

या सगळे, मंगळवारी. आई म्हणते, "बाळंतिणीचे लाडू पुरुषांनी खाऊन काय होणार?" पण या.

तर्कट | रात्री ९:००

अवांतर: वजनाचं कुणी बोललंच नाही. हातातली एकच बॅग, साधारण सात किलो, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर. त्यात चादर घातली की संपलं. आमच्या काकांनी चादर अंगावर पांघरून मे महिन्यात विमान गाठलं होतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, बरं नाही का?" काका घाम पुसत म्हणाले, "थंडी वाजायलीय."

अक्का_अक्कलकोट | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:००

कट्ट्याचा वृत्तांत कुठाय?

गड्डा_यात्रा | सकाळी १०:२५

सहा जण होतो. एकवीस लाडू संपले, चहा तीनदा. टॉवेलवाल्यांनी तो सुप्रसिद्ध धोटा आणला होता, हातात घेऊन पाहिला, खरंच शस्त्र वाटतंय. आणि अडकित्त्याचं टॉवेलवाल्यांनीच आईंना सांगितलं, जुळे_सोलापूरकर स्वयंपाकघरात लपून बसलेले. आई म्हणाल्या, "पानच खाता येत नाही म्हटल्यावर अडकित्ता नेऊन काय करू? बडीशेप कातरू?"

जुळे_सोलापूरकर | २ डिसेंबर, रात्री ८:१५

आई काल सुखरूप पोहोचली. उशीर झाला कळवायला, माफ करा.

चटणी, तूप, नवे लाडू, चादर, सगळं मोठ्या बॅगेतून नीट गेलं. हातात कडक भाकरी होती, तुटू नये म्हणून. ती मात्र पडद्यावर थांबली: गोल गोल चकत्यांची चवड. "ये क्या है माताजी, पापड?" आई म्हणाली, "पापड नै, भाकरी हाय. कडक. दोन महिने टिकती." तो म्हणाला, "दो महीना?" आणि शेजारच्याला बोलावून दाखवली. आई म्हणाली, घ्या की एक. त्याने हात जोडून नको म्हटलं आणि चवड जशी होती तशी नीट गुंडाळून दिली.

जोडव्यांमुळे यंत्र वाजलं. पडद्याआड एका बाईंनी तपासलं आणि सोडलं.

अडकलं ते एकच. मी बॅगा तीनदा तपासल्या होत्या, आईचा कमरेचा बटवा नाही तपासला. वाटेतल्या एका तपासणीत त्यात कापराच्या सहा वड्या निघाल्या. आईला त्याचं फार लागलंय. "देवाचा कापूर टोपलीत टाकला," हे तिने फोनवर मला तीनदा सांगितलं, बहिणीला किती वेळा ते माहीत नाही.

शारजाची_सून | रात्री ८:३०

कापूर इथे भारतीय दुकानात मिळतो दादा. बहिणीला सांगा, मी शनिवारी आणून देते. बाळाला पण बघून येईन.

जुळे_सोलापूरकर | रात्री ८:४१

ताई, काय बोलू. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आत्ता पुन्हा आईचा फोन येऊन गेला. अडकित्ता देव्हाऱ्याच्या खणात आहे, त्याला खोबरेल तेल लावून ठेव म्हणाली, नाहीतर पात्याला गंज चढेल.

गड्डा_यात्रा | रात्री ८:४४

खोबरेल लावताना खण बंद करू नका, यूएन १३६३ आहे ते. हलके घ्या. रच्याकने, लाडू किती राहिलेत?

जुळे_सोलापूरकर | रात्री ८:५०

चार. उद्या या.